उभ्या ज्वारीचा हिरवा

रंगाचे व्यापारी जगात पुष्कळ असतील, पण स्वतःच्या घराचा एकही रंग ज्यानं आपण होऊन निवडला नाही असा व्यापारी एकच, आणि तो माझ्या नशिबी थोरला साडू म्हणून आला. आदिलाबादच्या बाजारात त्यांचं दुकान. गिऱ्हाईक सांगेल तसे डबे फोडून, मिसळून, ढवळून द्यायचे. मिसळलेला रंग नापसंत झाला तर कंपनी काही तो परत घेत नाही, मग तो मुकाट्यानं साडूंच्या घरच्या भिंतीवर चढे. बैठकीला नेरडीगोंड्याच्या ढाबेवाल्यानं नाकारलेला पिवळा, स्वयंपाकघराला लग्न मोडल्यामुळं कुणी न नेलेला निळा, आणि देवघराला चक्क पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी करून उरलेला लाल. पाहुण्याला घर दाखवताना ते खोल्यांची नव्हे, नाकारणाऱ्यांची ओळख करून देत. रंगात कधीच खोट नसते, खोट माणसात असते, अशी त्यांची पक्की समजूत होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासातून त्यांनी जुना कॉम्प्युटर उचलून आणला. डबा फोडायच्या आधीच गिऱ्हाइकाला पडद्यावर रंग दाखवायचा, म्हणजे नाकारायची सोयच उरणार नाही, असा त्यांचा बेत. महिनाभर पुस्तकं चाळून त्यांनी पिवळ्याचे आणि निळ्याचे आकडे मशीनला शिकवले, दोन्हींची सरासरी काढली, आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून बटण दाबलं. पडद्यावर हिरव्याऐवजी चुलीतली राख उमटली. आम्ही पोट धरून हसलो. ते मात्र पडद्याकडं असे बघत राहिले, जणू त्यानं दिल्या शब्दाला हरताळ फासला होता.

मग ताईंची, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीची, छाती बिघडली आणि आमचं हसणं आटलं. डॉक्टरांनी फार आशा दिली नव्हती. त्यांच्या खाटेसमोरची भिंत एका कापसाच्या व्यापाऱ्यानं नाकारलेल्या वांगी रंगाची होती. त्या रंगाकडं बघत पडून राहण्यापेक्षा मरण बरं, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. साडूंनी ते ऐकलं. कोणता रंग पाहिजे म्हणून विचारलं, तर त्यांनी बाजारहत्नूरकडच्या आपल्या माहेरच्या वावरातला सांगितला, उभ्या ज्वारीचा, कणीस निसवायच्या आधीचा.

आता अडचण अशी की रंगाचा वास आला की ताईंना खोकल्याची ढास लागे. वाळवलेल्या पुठ्ठ्यावरचा नमुनासुद्धा सोसत नसे. चुन्यात रंग कालवून लावावा, तर घरभर आधीचा ऑइलपेंट, त्यावर चुना टिकतो कशाला. तेव्हा ठरलं ते असं, की ताईंनी पडद्यावर रंग पसंत करायचा, मग आठ दिवस त्यांना आमच्या घरी हलवायचं, आणि तेवढ्यात भिंत रंगवून वास जाऊ द्यायचा. रंग एकदाच लागणार, म्हणून तो चुकायला नको.

साडूंनी दुकान जवळजवळ वाऱ्यावर सोडलं. राख का झाली ते त्यांना अखेर उमगलं, आणि ते मला रस्त्यात अडवून सांगू लागले, "पडदा उजेड देते, अन् रंग उजेड खाते. दोन रंग मिसळले म्हंजे दोन खानारे एका ताटावर बसले. मी तर बेरीज करून राह्यलो होतो." मग त्यांनी प्रत्येक डब्याची भूक ठरवायला घेतली. निळा भलताच खादाड, पांढरा उपाशी. परसात पुठ्ठे रंगवायचे, वाळवायचे, पडद्याशेजारी धरायचे आणि आकडे बदलायचे. राखेतून हिरवा निघाला, पण शेवाळाचा. मग पोपटाचा. वीज गेली की ते अंधाऱ्या पडद्यासमोर तसेच बसून राहत.

आपले दिवस थोडे राहिलेत हे ताईंना कळत होतं. एकदा माझ्यासमोरच त्या म्हणाल्या, "काऊन जीव काढून राह्यले? हाच लावा. अन् जरा माह्याजवळ बसा."

"मिसळला की परत येत नाही," ते म्हणाले. "थोडाच फरक राह्यला."

मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता. थोडा अजूनही आहे.

हिवाळा सरता सरता रंग जमला. त्यांनी पडदा उचलून खाटेसमोरच्या स्टुलावर ठेवला. ताईंनी बराच वेळ पाहिलं आणि नुसती मान डोलावली. ओठांवर थोडं हसू होतं. साडू धावत दुकानात गेले आणि डबा मिसळून घेऊन आले. पण संध्याकाळी आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता यांना हलवता येणार नाही. साडूंनी डबा दाराबाहेरच ठेवला. पहिल्यांदाच खाटेशी बसले, ताईंचा हात हातात घेऊन. पडदा चालूच ठेवला होता. ताई गेल्या तेव्हा खोलीत तेवढाच हिरवा उजेड होता, आणि मागं ती वांगी भिंत.

भिंत आजही वांगीच आहे. परवा पोळ्याच्या आधी बाजारहत्नूरचा एक शेतकरी शिंगांचा रंग घ्यायला आला. फळीवरच्या डब्याच्या झाकणावर लागलेला हिरवा त्याच्या मनात भरला. नाकारलेले रंग गळ्यात मारण्यात ज्यांची हयात गेली ते साडू हळूच म्हणाले, "तो नाही भेटत, बापू. तो पसंत झालेला हाय."

शेतकरी लाल घेऊन गेला. साडूंनी हिरव्याचा डबा खाली काढला, वरची साय बाजूला सारली आणि काडीनं सावकाश ढवळत बसले.