सुमनआक्काची गाठ

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. नवऱ्याच्या नाही, आईच्या नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा एवढ्यावरून पटकन पुढं सरकते — जसं काही त्याला ठाऊकच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायचं धाडस होतंय. समोर माणूस असलं की माझा आवाज घशातच बसतो. चौथीपर्यंत शाळा झाली, तिथंही उत्तर येत असून मी कधी हात वर केला नाही.

पण आधी चांगलं सांगू का? आजचा दिवस फार छान गेला.

सकाळी शाळेच्या मैदानावर गावच्या मुली दोरीच्या उड्या मारत होत्या. ओळीनं. मैदान म्हणजे नुसता मुरूम. त्यावर दोरी आपटली की टकटक आवाज येतो, आणि सगळ्याजणी मिळून मारायला लागल्या की भट्टीत लाह्या फुटतात ना — तसं वाटतं. वेण्या उडतात, धूळ उडते, मध्येच एखादी अडकते आणि खाली बसून हसत सुटते. मी कडेला बाभळीखाली उभी होते. त्या सगळ्या दोऱ्या मी केलेल्या. हे नुसतं लिहितानाही माझे कान तापलेत.

आमचं घर दोर वळणारं. कर्जत तालुक्यात आमचं गाव, आणि गावातल्या बहुतेक जनावरांच्या गळ्यात आमच्या घरचं दावं. बैल कमी झाले, नायलॉन आलं, तरी म्हशीला दावं हवं असलं की लोक अजून माझ्या सासऱ्यांकडंच येतात. माझं माहेर शेवगावकडचं. तिथं आम्ही दोर विकत आणायचो. लग्न होऊन आले तेव्हा मला घायपाताचा वाख, म्हणजे त्याच्या पानातला धागा, पिळताही येत नव्हता. सगळं शिकवलं ते मोठ्या जावेनं, सुमनआक्कानं. माझ्या मागं बसून, माझ्या हातांवर स्वतःचे हात ठेवून. "पीळ सोडू नको गं, तू घाबरलीस ते त्याला कळतं," असं म्हणायची आणि हसायची. तिची एक गाठ होती. टोक दोनदा फिरवून स्वतःच्याच खालून काढायचं आणि अंगठ्यानं दाबायचं. जनावरानं जितकं ओढावं तितकी ती घट्ट बसे, आणि माणसानं नेमक्या जागी बोट घातलं की एका झटक्यात मोकळी. गाठ मारावी तर सुमननं, असं गावात लोक म्हणायचे.

म्हणायचे. आता म्हणत नाहीत.

आक्काची मुलगी पल्लवी तेव्हा शाळेत होती. पळण्यात पहिली. खेळाच्या नव्या मॅडम आल्या होत्या, त्या मुलींकडून रोज दोरीच्या उड्या मारून घ्यायच्या — पाय हलके होतात, दम वाढतो म्हणून. पण बाजारची प्लास्टिकची दोरी आमच्या मुरमावर टिकेना. मधोमध, जिथं जमिनीला घासते तिथं, तुटायची. मॅडमनी नगरहून चांगल्यातल्या मागवल्या, त्यांचीही तीच गत. एके दिवशी पल्लवी दोन तुकडे घेऊन घरी आली आणि माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, "काकी, आपन दोरवाले ना? मग आपल्याच घरात धड दोरी न्हाई व्हय?"

मी ते तुकडे उचलले. आणि मनावर घेतलं.

पहिली घायपाताची केली. टिकली, पण कुसं टोचून पोरीच्या पोटऱ्या लाल झाल्या. मग नायलॉनची. ती गुळगुळीत, पण इतकी हलकी की वारा आला की वाकडी पळायची, आणि थोड्याच दिवसांत मध्ये पिंजली. "काकी, ही माज्या आधी खाली येतच न्हाई," पल्लवी म्हणायची. मला कळेना — दोरीला हवं तरी काय? पोरगी हातवारे करून सांगायची, पण ती सांगून कळणारी गोष्टच नव्हती. स्वतः उडी मारल्याशिवाय कसं कळणार?

आणि उडी मी कुठं मारणार? डोक्यावर पदर घेणारी घरातली सून. त्यात आमच्याकडं एक रीत. दावं ओलांडायचं नाही. जमिनीवर नुसतं पडलेलं असलं तरी वळसा घालून जायचं, कारण त्यात जनावराचा गळा असतो, असं आत्या मानतात. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. उड्यांच्या दोरीवरही त्या आधी बिथरल्या होत्या. मग त्यांनी स्वतःच तोडगा काढला. "जे गळ्यात गेलंच न्हाई ते दावं न्हाई. मारू द्या पोरींना उड्या."

बघा, किती वेळ मी इकडं तिकडं करतेय. तुमच्याही लक्षात आलं असेल. सांगते. सांगतेच.

उन्हाळ्याची दुपार होती. घरातली सगळी शेजारच्या आळीत साखरपुड्याला गेली होती. मी मागं राहिले — डोकं दुखतंय म्हटलं. माणसांत जायचं टाळायला मला तेवढं कारण पुरतं. गोठ्यात म्हैस डोळे मिटून रवंथ करत बसली होती. तिचं दावं चांगलं जाड, वजनदार. त्याच्याकडं बघताना मनात आलं, नायलॉनला वजन नाही हेच दुखणं असेल का? याच्यावरून कळेल. ही कशाला उठतेय एवढ्यात? आक्कानं सकाळी मारलेल्या गाठीत बोट घातलं. झटक्यात मोकळी. खुंट्याकडचं टोकही सोडलं. पदर खोचला.

आणि उड्या मारल्या.

मोठेपणी कधी मारल्यात तुम्ही? नसतील मारल्या तर काय सांगू तुम्हाला! पहिल्या एकदोनदा पायात आलं. मग जमलं. दावं डोक्यावरून आपल्याच वजनानं जायचं आणि आपल्याच वजनानं खाली यायचं. ढकलावं लागत नव्हतं, ओढावं लागत नव्हतं — हेच हवं होतं, हेच! अंबाडा सुटला, बांगड्या वाजायला लागल्या, धाप लागली आणि मी एकटीच हसत होते. मोठ्यानं. माझा एवढा मोठा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. आत्यांची रीत मोडतेय हे ठाऊक होतं, तरी पाय थांबेनात. म्हशीकडं माझी पाठ होती.

वळले, तर खुंट्याजवळ म्हैस नाही.

हसू येत असेल तर हसा. ती सरळ साखरपुड्याच्या मांडवात गेली होती. हे मला नंतर कळलं. ताटातले झेंडूचे हार तिनं निम्मे खाल्ले, आणि उरलेला एक तोंडातून लोंबत असताना नवऱ्या मुलाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. कुणीतरी ओरडलं, "अवं, नवरी आली, नवरी! हार बी आनला तिनं!" सगळा मांडव हसून लोळला. मग कुणीतरी म्हैस ओळखली. "दोरवाल्याची म्हैस सुटली! गावाची जनावरं बांधतोय, अन् घरची मोकळी!"

आणि मी इकडं काय केलं? हेच ते. यासाठीच लिहायला बसले.

मी ओरडले नाही, मागं धावले नाही. अंबाडा बांधला. पदर घेतला. दाव्याचं एक टोक पुन्हा खुंट्याला बांधलं — नीट, घट्ट. आणि गळ्याकडचं टोक मोकळं टाकून दिलं. म्हशीच्या गळ्यातली गाठ आपोआप सुटली, असं दिसावं म्हणून. मग घरात जाऊन, डोक्याला फडकं बांधून आडवी झाले.

सगळे म्हशीला घेऊन परत आले. सासऱ्यांनी गोठ्यात जाऊन दावं उचललं. मोकळं टोक निरखून बघितलं.

"सकाळी कुनी बांधली हुती हिला?"

"म्याच बांधली, मामा," आक्का म्हणाली. तिनं ते टोक हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. "बसली न्हाई वाटतं नीट. असं कधी झालं न्हाई पर..."

मी दारात उभी होते. एक वाक्य लागत होतं. फक्त एक. बोलले असते तर काय झालं असतं हो? आत्या रागावल्या असत्या. लोक चार दिवस मला हसले असते. मी म्हणाले काय? म्हणाले, "पाणी देऊ का, मामा?"

हशा चार दिवसांत थांबला नाही. गावात तो शब्दच होऊन बसला — 'सुमनची गाठ'. कुणाची चप्पल तुटली, कुणाचं गाठोडं सुटलं, कुणाची सोयरीक मोडली, की सुमनची गाठ! आक्काही सगळ्यांबरोबर हसायची. आधी आधी. मग तिनं शेवटची गाठ मारणं सोडून दिलं. दोर वळायची, टोकाशी आली की माझ्याकडं सरकवायची. "तू मार गं. माजा हात सैल पडलाय." म्हैस बांधली की मला हाक — "वढून बघ बरं जरा." मी ओढून बघायची. तिनं हातावर हात ठेवून शिकवलेली तिचीच गाठ मी तपासायची, आणि म्हणायची, "बसलीय, आक्का." दरवेळी तिच्या तोंडावर बरं वाटल्याचं दिसायचं. ते बघून मला काय वाटायचं, ते नाही लिहीत. त्याला काही किंमत नाही.

आणि माझी दोरी? ती त्याच दुपारी सापडली होती. वजन हवं हे कळलं होतं. बांधावर ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून दिलेल्या असतात, त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापले आणि मण्यांसारखे नायलॉनच्या दोरीत ओवले. आता जमिनीवर आपटतात ते तुकडे, आतली दोरी शाबूत. मधले झिजले की एका टोकानं सोडून कडेचे मध्ये घ्यायचे. मुठीला पाइपचे तुकडे, आत दोरी मोकळी फिरेल अशी. आणि मुठीच्या तोंडाशी गाठ — आक्काची. ती सुटली तर दोरी उडून शेजारच्या मुलीच्या तोंडावर बसेल, म्हणून तीच हवी. पल्लवीनं पहिल्यांदा मारून बघितली आणि माझ्या गळ्यातच पडली. "काकी, ही बोलती माज्यासंगं! टकटक करून सांगती कधी उडायचं ते!" आक्का साऱ्या आळीत सांगत सुटली, "आमच्या जावेनं केली, जावेनं. लई डोकं हाय तिला." पल्लवीची शाळा संपली, पण मागच्या मुलींनाही मी तशाच दोऱ्या करून दिल्या. आता पल्लवीच गावच्या मुलींना शिकवते.

आज त्याच खेळाच्या मॅडम आल्या होत्या, मुलींना बघायला. दोरी हातात घेऊन मला म्हणाल्या, "काकू, इतक्या वर्षांत मुठीतली गाठ एकदाही सुटली नाही. कशी काय हो?"

माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत आक्कानं मला कोपर मारलं. "माज्या हातची न्हाई ना, म्हनून!"

सगळे हसले. मीही हसले.

मग पल्लवीनं आईला मैदानात ओढलं. "मार गं आई, एक तरी!" आक्का नको नको म्हणत गेली, चपला काढल्या, पदर खोचला. आणि मारली की! एक, मग आणखी एक, मग थांबेचना. मुली टाळ्या वाजवत होत्या, मॅडम मोजत होत्या, आक्काचा अंबाडा सुटून पाठीवर आला होता आणि ती मोठ्यानं हसत होती. मला ते हसू ओळखीचं होतं. गोठ्यातलं माझं तसंच होतं. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की हात चुरचुरले.

धापा टाकत ती बाभळीखाली आली. दोरी माझ्या हातात दिली. "वढून बघ गं. माज्या वजनानं सैल झाली नसंल ना गाठ?"

मी ओढून बघितली. "बसलीय, आक्का."

तुझी गाठ त्या दिवशी सुटली नव्हती. मी सोडली होती. दारात उभं राहून म्हणायचं होतं ते वाक्य एवढंच.