वीस चिठ्ठ्यांचं पेट्रोल

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते रिक्षा हलवायचं. तेव्हाच्या रिक्षाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. टाकीत ऑइल ओतायचं आणि गाडी दोन्ही अंगांनी धरून गदागदा हलवायची, म्हणजे आत ते एकजीव होतं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं बायको. पंपाच्या कडेला, दिवस मावळायच्या आधी.

"जोर लावा की," ती म्हणाली. "जेवताना तर हात चांगला चालतो."

मी म्हटलं, "मग तूच चालव. मी मागं बसतो."

"चालवेन. पण तुम्ही भाडं बुडवाल."

एवढंच बोलणं झालं. थंडी होती, तिनं पदर कानावरून घट्ट घेतला, मागच्या सीटवर बसली आणि आम्ही घरी आलो. जास्त काही बोलायला पाहिजे होतं हे तेव्हा कुणाला ठाऊक.

आता ती पंपावर कशाला आली होती ते सांगतो. मी चौथी शिकलेला माणूस, धुळ्याकडून सुरतेला कापडाच्या मागावर काम करायला आलो. मागाच्या आवाजानं ऐकू कमी यायला लागलं तेव्हा ते सोडलं आणि जुनी रिक्षा घेतली. सगळी कमाई पेट्रोलवर. त्र्याहत्तर साली दिवाळीच्या आधी स्टेशनच्या रांगेत सगळे रिक्षावाले एकच बोलत होते, अरबांच्या मुलखात लढाई लागली, पेट्रोलचा भाव पेटणार. मी घरी येऊन सांगितलं. सांगायचं म्हणून सांगितलं. ती भाकरी थापत होती. आमच्या घरात अहिराणीच चालायची. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "वरीसनी ज्वारी लेतस ना आपण? मंग पेट्रोल काब्र नही?" ज्वारी घेतो तसं पेट्रोल का नाही, म्हणे.

आमच्याकडच्या बायका वर्षाचं धान्य सुगीतच भरून ठेवतात. भाव उतरलेला असतो तेव्हा. तिला पेट्रोल आणि ज्वारी एकच. मी हसलो. म्हटलं, पेट्रोल काय कणगीत भरायचं? घरात ठेवलं तर सगळी चाळ जळेल.

"घरात कशाला? ज्याचं आहे त्याच्याकडेच राहू द्या. पैसे आज द्या, माल लागेल तसा आणा."

तिच्या पायात चांदीच्या कड्या होत्या, माहेरच्या. मला न विचारता सराफाकडे जाऊन आली. पाय मोकळे दिसले तेव्हा मला कळलं. मी रागावलो. ती म्हणाली, "कड्यांवर गाडी चालते का?"

मग पंपाच्या शेठकडे गेलो. त्याला दिवाळीच्या तोंडावर रोकड पाहिजेच होती. त्यानं वीस चिठ्ठ्या फाडून दिल्या, एकेक पाच लिटरची, त्यावर पंपाचा शिक्का. तिला वाचता येत नव्हतं पण आकडा ओळखायची. प्रत्येक चिठ्ठीवर पाच आहे का ते बोट ठेवून पाहिलं. घरी आल्यावर मला ताकीद दिली, भाव चढेपर्यंत चिठ्ठीला हात लावायचा नाही, तोवर रोख देऊन भरायचं.

भाव चढला. असातसा नाही, एका रात्रीत चढला. रिक्षावाले डोक्याला हात लावून बसले. मी पहिली चिठ्ठी घेऊन मोठ्या ऐटीत गेलो. शेठनं ती उलटी सुलटी करून परत माझ्या हातात दिली. म्हणाला, "भाई, आ भावमां ना परवडे. पैसा पाछा लई जा." पैसे परत घे म्हणे. मी मोठ्यानं बोलणारा माणूस, दोन शिव्या दिल्या, त्यानंही दिल्या. घरी आलो. हात हलवत आलो असं समजा.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर आली. एक गोणपाट, एक सूप आणि पायलीभर ज्वारी घेऊन. पंपाच्या मशीनजवळ, शेठच्या दारासमोर गोणपाट अंथरलं आणि ज्वारी निवडायला बसली. मला म्हणाली, तुम्ही धंद्याला जा. मी कसला जातो. कोपऱ्यात गाडी लावून उभा राहिलो.

शेठ बाहेर आला. "बेन, आ शुं मांड्युं छे?"

"ज्वारी निवडते."

"अहीं?"

"घरी उजेड नाही."

मोटारवाले, स्कूटरवाले थांबून बघायला लागले. सुपातला फोल उडून शेठच्या पांढऱ्या धोतरावर जात होता. तो म्हणाला, भाव वाढला त्यात माझा काय गुन्हा, मी कुठून आणू. तिनं सूप खाली ठेवलं. तिला गुजराती समजायचं, बोलायची मात्र तिची तीच भाषा.

"सुगीत घेतलेली ज्वारी दिवाळीला महाग झाली, म्हणून दुकानदार घरी येऊन परत मागतो का? आणि भाव उतरला असता तर मी आले असते का तुझ्याकडे, बाकीचे पैसे दे म्हणून? चिठ्ठीवर लिटर लिहिलंय. लिटर दे."

एक स्कूटरवाला म्हणाला, वात तो साची छे. दुपारपर्यंत ती उठली नाही. पाणीसुद्धा पंपाचं प्याली नाही. शेवटी शेठ माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तारी बायडी वकील छे के शुं? उठाड एने." आणि मग अटी घातल्या. दिवसाला एकच चिठ्ठी. टाकीतच भरायचं, डब्यात देणार नाही. आणि इंग्रजी महिना संपला की संपलं, उरलेल्या चिठ्ठ्या रद्दी. तिनं मान्य केलं. उठताना पाय भरून आले होते तिचे, माझ्या हाताला धरून उठली.

त्या दिवसापासून चिठ्ठ्या तिच्याकडे. शेठ मला फसवून दोन घेईल असं तिला वाटायचं, म्हणून रोज संध्याकाळी स्वतः यायची. काही दिवस पंपावर पेट्रोलच नसायचं, तेव्हा चिठ्ठी तशीच राहायची आणि ती घरी येईस्तोवर बोटांवर दिवस मोजायची. मी म्हणायचो, राहिल्या दोनचार तर राहिल्या. ती म्हणायची, एक थेंब सोडायचा नाही. त्या संध्याकाळी रिक्षा हलवली तेव्हा महिना संपायला चार दिवस होते आणि चिठ्ठ्या चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नळावर गेली. मी भेस्तानचं भाडं घेऊन गेलो होतो. शेजारणी सांगत होत्या, हंडा भरला, खाली ठेवला, म्हणाली जरा बसते. बसली ती बसलीच. मी आलो तेव्हा तिला घरात आणून निजवलं होतं. डॉक्टर येऊन गेला होता, त्याला करायला काही उरलं नव्हतं. दुपारनंतर तापीवर नेलं. लेकरू झालं नाही आम्हाला, अग्नी मीच दिला, डोकंही मीच भादरून घेतलं. संध्याकाळची चिठ्ठी राहिली. माझ्या लक्षातच आलं नाही.

लक्षात आलं ते उजाडल्यावर. तिच्या बटव्यात चार चिठ्ठ्या, आणि दिवस तीन. मी उठलो आणि रिक्षाचं कापड काढलं. तिचा मोठा भाऊ मुक्कामाला होता, उधन्याला मागावर काम करायचा. तो दारात आला.

"दाजी, सुतकात गाडी काढता? राख अजून गरम असेल."

"तिचं पेट्रोल आहे."

"तिचं? ती पिणार आहे का आता पेट्रोल?"

मी कापडाची घडी घालून सीटखाली ठेवली. त्याचं दुःख खरं होतं. त्याला समजावण्याएवढा जीव माझ्यात नव्हता.

पंपावर गेलो तर शेठनं माझं डोकं बघितलं आणि खुर्चीवरून उठला. त्याला विचारावं लागलं नाही, रोज येणारी आली नव्हती. मग म्हणाला, घरी जा भाई. तेरा दिवस झाल्यावर ये, चारही चिठ्ठ्या भरून देईन, महिन्याचं मनात आणू नको. मनापासून म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो.

मी नाही म्हटलं. तिनं ते भांडून घेतलं होतं, उन्हात बसून. मी ते दया म्हणून घेतलं असतं तर ते तिचं राहिलं नसतं. एवढं नीट मला तेव्हा बोलता आलं नाही. मी एवढंच म्हणालो, "कालची गेली. आजची घे."

त्यानं आजची घेतली आणि स्वतःच्या हातानं पाच लिटर भरले. कालची मी त्याच्या टेबलावर ठेवून आलो. तिथून सरळ स्टेशनवर गेलो आणि रांगेला लागलो. माझ्या पुढं सहा गाड्या होत्या.