कोलनला चिकटून

नारायणगावच्या सायबर कॅफेत आमच्यातलाच एक जण एका बोटानं टाइप करायचा, मी दहा बोटांनी! तरी गुगलवर काही शोधायचं असलं की पोरं त्याच्याच खुर्चीमागं. माझा नुसता जळफळाट, राव! "कोलनला, त्या दोन टिंबांना, चिकटून लिही, मधी जागा सोडू नको," हे त्याचं पालुपद.

एकदा त्यानं मला हळूच बोलावलं. त्यानं गुगलमध्ये 'साइट' लिहून, कोलन देऊन, त्याला चिकटून वधूवर मंडळाच्या, मी बनवलेल्या वेबसाइटचा पत्ता टाकला, तर पोरींच्या फोटोंचं फोल्डर सताड उघडं! मी पटकन पान बंद केलं.

"भाऊ, कुणाला सांगू नको."

"नाय सांगत. फोल्डरात 'इंडेक्स' नावाचं रिकामं पान टाक, मग फोटोंची यादी दिसायची न्हाई."

लगेच टाकलं. मग विचारलं, "किती फोटो बघितलेस?"

"एक बी नाय. मला दाखवायला दिले व्हते का त्या पोरींनी?"

त्याच्या जागी मी असतो तर सगळे उघडले असते. त्या दिवशी तर जास्तच जळलो.