आईचा अर्धा उपदेश

अन्याय झाला तो माझ्या आईवर. कधी? दर रविवारी सकाळी, पाळकसाहेबांचा उपदेश ऐन रंगात आला की. नेमकं तेव्हाच तिला बाकावरून उठावं लागे. लग्न होऊन साताऱ्यात आल्यापासून तिनं एकाही उपदेशाचा शेवट ऐकला नव्हता.

कारण साधं. आमचं घर देवळाला लागून. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. उपासना सुटली की पाळकसाहेब आणि कोरेगावकडून आलेली दोनचार माणसं आमच्याकडे जेवायला, हा रिवाज. तो घातला कुणी? जेवणाऱ्यांनी. मटणाचा रस्सा, भात, भाकरी. म्हणून आई बायकांच्या बाजूला अगदी दाराजवळ बसायची, गुपचूप सटकता यावं म्हणून.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी सांगलीला कॉलेजात होते. कुपवाडच्या कारखान्यांच्या फाटकावर पत्रकं वाटत होते. 'आठवड्याची सुटी हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे' हे त्यातलं वाक्य माझं. एका शनिवारी एसटीनं घरी आले. आई पाट्यावर उद्याचं वाटण वाटत होती. पिशवीतली पत्रकं काढताना माझंच वाक्य मला टोचलं.

"आई, तुझी सुटी कधी गं?"

"तू सांगलीला असतीस तवा," आई म्हणाली.

संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर मी घरात मागणी मांडली. उद्या आई उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत देवळात बसेल. स्वयंपाक आम्ही करू. आम्ही म्हणजे मी, शाळामास्तर बाबा आणि फौजेतून रजेवर आलेला दादा.

बाबा म्हणाले, "म्हणजे मी उपासना चुकवायची?"

"अर्धीच, बाबा. आईनं इतकी वर्षं अर्धीच केलीय."

दादा छाती काढून म्हणाला, "काळजी नको. फौजेच्या लंगरात कढयाच्या कढया जेवण पाहिलंय मी."

"पाहिलंयस, का केलंयस?"

"खाल्लंय."

आई हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "खरंच बसू?" जत्रेला जाऊ का, असं पोर विचारतं ना, तसं. घरची बाई देवाच्या दारात बसायला घरच्यांची परवानगी मागते! मला असा संताप आला की मी लसणाची अख्खी गड्डी सोलून टाकली.

आईनं एकच ताकीद दिली. "खिडकीतनं उपदेश ऐकू येत न्हाई, पण गाणी येत्यात. मी त्यावरच रांधते. शेवटचं गीत सुरू झालं की रस्सा उतरवायचा. इसरू नका."

रविवारी उपदेश होता उधळ्या पुत्राचा. पोरगा बापाचा पैसा उडवून डुकरं राखायला लागला, इथवर गोष्ट आली आणि सवयीनं आई अर्धी उठली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. आम्ही तिघं बाहेर पडलो.

स्वयंपाकघरात पहिली अडचण, मीठ सापडेना. दादा म्हणाला, "थांब, पळत जाऊन विचारून येतो."

मी दारात आडवी आले. "एक पाऊल टाकलंस तर बघ. इतकी वर्षं जेवतोस, मीठ कुठं असतं ते ठाऊक नाही?"

"तुला तरी ठाऊक आहे का?"

नव्हतं. मी ते कबूल केलं नाही. बाबांना बरणी सापडली, चहाच्या डब्यामागं. बाबांची पहिली भाकरी तव्यावरच दुमडली. दादा म्हणाला, "बिस्तरा मस्त बांधलाय, मास्तर."

तेवढ्यात शेवटचं गीत सुरू झालं. सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज आला, खडा, बांधावरून हाक मारणाऱ्या बाईसारखा. दादा पळी हातात धरून उभा राहिला. "ही आई?"

बाबांचे हात पिठात तसेच. "लग्नाआधी ऐकला होता," ते म्हणाले. "नंतर देवळात ती हलकंच गायची; जीव सगळा इथं, या पातेल्यापाशी."

चारी कडवी आम्ही खिडकीला लागून ऐकली. रस्सा कुणीच उतरवला नाही. तो लागला.

पाळकसाहेब आले, पाहुणे आले, आई आली नाही. मी बघायला गेले. रिकाम्या देवळात ती पुढच्या बाकावर बसली होती. डोळे उघडे, हात मांडीवर.

"काय मागतीयस एवढं?"

"काई न्हाई गं. रोज चुलीपुढं मागतेच की, घाईघाईत. आज म्हटलं, नुसतं बसावं. देवालाबी जरा इसावा." मग बाजूला सरकून म्हणाली, "बस." मी बसले. पत्रकं लिहिणारी मी, मला तिथं एक शब्द सुचला नाही, आणि त्याचं काही वाटलंही नाही.

जेवताना करपट रस्सा पाहुण्यांनी सोसून खाल्ला. आईनं दोनदा वाढून घेतला. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आज शेवटपर्यंत होतात. कसा वाटला उपदेश?"

"झ्याक. पोरगं घरी परत आलं, बाप पळत गेला, पोराच्या गळ्यात पडला, वासरू कापलं, मेजवानी झाली. पण पाळकसाहेब, रांधलं कुणी?"

पाळकसाहेब म्हणाले, "चाकरांनी असेल."

"आणि त्या पोराची आई? ती कुठं हुती?"

दादाला ठसका लागला. पाळकसाहेबांनी भाकरी खाली ठेवली. मग हसून म्हणाले, "शोधावं लागेल. पुढच्या रविवारी सांगतो."

"मग पुढच्या रविवारीबी मला शेवटपर्यंत बसाया लागंल," आई म्हणाली, आणि बाबांकडे बघितलं.

बाबांनी मान डोलावली. "बस. पण रस्सा दादा उतरवेल."

आता तुम्ही. हो, वाचणारे तुम्हीच. तुमच्या घरातली बाई देवळात जात असेल, कीर्तनाला जात असेल, जैनांच्या बस्तीत जात असेल, नाहीतर नुसती ओट्यावर बसत असेल. येत्या रविवारी तिला शेवटपर्यंत बसू द्या. तिथं काय केलंस, म्हणून विचारू नका. आणि मीठ कुठं आहे ते आजच बघून ठेवा.