फुस्स आवाजानंतर

फुजैराजवळच्या एका शूटिंग क्लबात मी प्रशिक्षक होतो. नवे मेंबर हमखास विचारायचे, "सर, पिस्तुलात रिलोडेड चालतात ना?" रिलोडेड म्हणजे वापरलेल्या पुंगळीत पुन्हा दारू भरून, वर नवी गोळी बसवलेलं काडतूस. नीट भरलं असेल तर चालतं, मी सांगायचो. पण नीट भरलंय की नाही, हे बाहेरून कुणाच्या बापालाही दिसत नाही.

त्या दिवशी एका मेंबरच्या पिस्तुलाचा धड बार झालाच नाही, नुसतं फुस्स झालं. दारू कमी पडली होती आणि गोळी नळीतच अडकली होती. "खलास, थांब!" असं अरबी-मराठीत ओरडून मी हात पुढे केला. त्याला वाटलं, पिस्तूल जॅम झालंय. त्याने स्लाइड खेचून पुढचं काडतूस चढवलं आणि चाप ओढला. नळी फुटली. त्याला खरचटलंही नाही. तुकडे माझ्या डाव्या हातात घुसले.

आता मी अल रीम बेटावर लेकीकडे राहतो. रोज ऑफिसातून आली की ती माझी डावी बोटं एकेक करून दाबते आणि विचारते, "बाबा, एनी फीलिंग?"

मी तिच्या हाताकडे बघत असतो. दाबलेलं दिसलं, की हो म्हणतो.