आयदर

आठवड्यातून दोन दुपारी माझ्या घरी सोसायटीतल्या सात बायका इंग्रजी शिकायला येतात. परवा मी ‘आयदर’ हा शब्द घेतला. दोन्हींपैकी कोणतंही चालेल असं म्हणायचं असलं, की हा वापरायचा, एवढं सांगितलं आणि एकेकीला विचारायला लागले.

सुलभाताईंना तो लगेच जमला. चहा की कॉफी? “आयदर.” पंखा लावू की खिडकी उघडू? कपाळावर घाम साचलेला, तरी “आयदर.” बाकीच्या अडखळत होत्या आणि साधं ‘थँक यू’ म्हणताना लाजणाऱ्या सुलभाताई इतक्या सफाईने बोलत होत्या, की मला संशय आला. नुसती घोकंपट्टी तर नाही?

मग वाटलं, अर्थ त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळला असावा. लग्न झाल्यापासून हेच उत्तर त्या मराठीत देत आल्या असतील. “मला काय, काहीही चालेल.” आता मला त्या शब्दाचाच संशय यायला लागला. दिसायला किती समंजस, पण बोलणाऱ्याची आवड तो कुणाला कळूच देत नाही.

मी मुद्दाम मराठीत विचारलं, “सुलभाताई, हा वर्ग चालू ठेवू, की बंद करू?”

त्यांचं तोंड सवयीने उघडलं आणि तसंच राहिलं. सगळ्याजणी त्यांच्याकडे बघायला लागल्या.

“बंद नको, बाई,” त्या म्हणाल्या. “मला यायचंय.”

आवाज इतका मोठा लागला, की त्या स्वतःच दचकल्या.