मुकुंदराव विरुद्ध नळ

मुकुंदराव वकील आणि ते पुस्तक पहिल्यांदा समोरासमोर आले तेव्हा हुबळीच्या कोप्पीकर रोडवरची वाहतूक थांबली म्हणतात. तशी ती तिथं रोजच थांबते, पण त्या दिवशी तिला कारण मिळालं. मुकुंदराव धारवाडहून तिथल्या स्टेशनरीच्या दुकानात लेजर कागद घ्यायला गेले होते. वकिली सोडून वर्षं लोटली, तरी दावे लिहायचा तो लांब हिरवट कागद घरात नसला की त्यांना उघडं पडल्यासारखं वाटे. काउंटरवर एक पुस्तक पडलं होतं. मुखपृष्ठावर एक अजगर, आणि त्याचा चष्मा मुकुंदरावांच्या चष्म्यासारखाच नाकाच्या शेंड्यावर. दोघांनी एकमेकांकडे रोखून पाहिलं. दुकानातला पंखा मंदावला. बाहेर एका रिक्षावाल्यानं हॉर्नवरचा हात काढला, आणि हे हुबळीत सहसा घडत नाही. अखेर अजगरानं नजर खाली घातली, असं मुकुंदराव अजून सांगतात, आणि पुस्तक पिशवीत आलं.

पायथन नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकवणारं ते पुस्तक ‘दहा वर्षांवरील मुलांसाठी’ होतं. मुकुंदरावांना बहात्तरावं लागलेलं, म्हणजे वयाची अट ते पुरी करत होते. मूल असण्याच्या मुद्द्यावर अंबूताईंनी त्यांच्या बाजूनं साक्ष दिली असती.

अंबूताई म्हणजे त्यांच्या पत्नी, आणि पुस्तक घेतलं ते त्यांच्याचमुळे. धारवाडला केलगेरीत त्यांच्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, याचा काही नेम नाही. पहाटे येईल, भर दुपारी येईल, आणि तास-दोन तासांत जाईलही. तेवढ्यात हौद, पिंपं, घागरी सगळं भरून घ्यायचं. त्यामुळे अंबूताई कित्येक वर्षांत घराबाहेर एक रात्र राहिल्या नव्हत्या. एकदाच बेळगावला भाच्याच्या लग्नाला गेल्या, तेव्हा पाणी आलं आणि मुकुंदराव पेपर वाचत बसले. नळ वाहतोय हे त्यांना ऐकू येत होतं, पण आपण त्यात काही करायचं असतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुढचा आठवडा त्या घरानं टँकरवर काढला.

आता बेळगावच्या थोरल्या बहिणीनं, सुलभाअक्कांनी, नवं घर बांधत आणलं होतं आणि चार महिन्यांवरच्या वास्तुशांतीला दोन रात्री राहायलाच ये म्हणून फोन केला होता. या वेळी आली नाहीस तर मला बहीण होती हे विसर, असंही त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर अंबूताई स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही. मुकुंदरावांना तो शांतपणा सोसवला नाही. बेंगळुरूला नोकरी करणारा त्यांचा मुलगा श्रीनिधी एकदा सहज बोलून गेला होता की मागच्या तारखा दिल्या तर कॉम्प्युटर पुढची तारीख काढून देतो. पुढची तारीख काढून घेण्यात मुकुंदरावांची हयात गेली होती. हे काम आपलंच, असं त्यांना वाटलं.

पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, कॉम्प्युटर सुरू करा. मुकुंदरावांनी ती सूचना अनावश्यक ठरवली. कायदा ते पुस्तकातून शिकले होते, प्रत्यक्ष खून करून नव्हे. त्यांनी झोपाळ्यावर बसून पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं, समासात शेरे मारले, लेखकाच्या दोन विधानांना हरकत घेतली. चौथ्या प्रकरणात मात्र ते हरखून गेले. तिथं ‘जर’ आणि ‘नाहीतर’ कसं लिहायचं ते दिलं होतं. जर असं असेल तर हे करावं, तसं नसेल तर ते, आणि दोन्ही नसेल तर तिसरं. मुकुंदराव उठून स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, अगं, हे तर कायद्याच्या कलमातलं परंतुक आहे. आपण जन्मभर प्रोग्रामच लिहीत होतो आणि कुणी सांगितलं नाही.

मग साक्षी-पुरावा सुरू झाला. मागच्या तारखा फक्त अंबूताईंना ठाऊक होत्या.

“गेल्या खेपेला पाणी कधी आलं?”

“मी कुर्डया घालत होते तेव्हा.”

“तारीख सांगावी.”

“तारखेचं काय घेऊन बसलात? अक्काचा फोन आलेला की. फोन खांद्याला धरून घागरी लावल्या मी.”

“साक्षीदारानं प्रश्नापुरतंच बोलावं.”

“साक्षीदाराला आमटी फोडणीला टाकायची आहे. काय ते लवकर विचारा.”

पण फोनमध्ये अक्कांच्या कॉलची तारीख निघाली. कुर्डया, हळदीकुंकू, शेजारच्या हिराबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण, असं करत करत अंबूताईंच्या डोक्यातून वर्षभराचं पाणी वर आलं. मुकुंदरावांनी लेजर कागदावर शाईच्या पेनानं प्रोग्राम लिहिला, अंबूताईंना मोठ्यानं वाचून दाखवला, आणि मगच श्रीनिधीचा जुना लॅपटॉप उघडून तो टाइप केला.

लॅपटॉपनं पहिल्याच ओळीला नकार दिला. दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा मुकुंदरावांनी त्याला अवमानाची ताकीद दिली. तरी तो डावीकडच्या मोकळ्या जागेबद्दलच काहीतरी इंग्रजीत कुरकुरत राहिला. तेव्हा नाइलाजानं श्रीनिधीला फोन गेला. श्रीनिधीनं स्क्रीनचा फोटो मागवला. वडिलांनी कोर्टाच्या कागदासारखा डाव्या बाजूला पानाचा तिसरा हिस्सा कोरा सोडून प्रत्येक ओळ टाइप केली होती. पायथनमध्ये ओळ उगीच आत सरकवली की चूक धरतात.

“अप्पा, डावीकडची जागा काढा,” श्रीनिधी म्हणाला. हसू आवरत त्यानं पुढं सांगितलं, “तिथं जज्जसाहेब काही लिहिणार नाहीयेत.”

धारवाडच्या एकाही कोर्टानं आपल्या समासाला आजवर हरकत घेतली नव्हती, हे मुकुंदरावांनी त्याला ऐकवलं आणि समास काढला. लॅपटॉपनं निमूटपणे उत्तर दिलं. मंगळवार, सकाळ.

गल्लीत बातमी पसरली. मंगळवारी सकाळी दारोदार पिंपं घासून उताणी ठेवलेली. पाणी आलं बुधवारी दुपारी.

“वकीलसाहेब, तुमच्या सापानं आम्हाला एक दिवस उन्हात बसवलं की,” हिराबाई कुंपणावरून म्हणाल्या.

मुकुंदरावांना हार नवी नव्हती. त्यांनी व्हॉल्व्ह सोडणाऱ्या सत्याप्पाला गाठलं. पाणी कधी सोडायचं हे सत्याप्पालाही आदल्या दिवशीपर्यंत माहीत नसे, वरून फोन आला की तो निघे. पण मंगळवारी पंपाकडची वीज गेली होती एवढं त्यानं सांगितलं. मुकुंदराव घरी आले आणि प्रोग्रामला एक परंतुक जोडलं. पुढच्या खेपेला सणाचं जोडलं. मग पाइप फुटल्याचं. ज्या खेपेला परंतुक कामी आलं नाही त्या खेपेला त्यांनी ते अपिलात गेल्यासारखं बदलून घेतलं. हळूहळू दिवस बरोबर येऊ लागला, मग वेळही. हिराबाई कुंपणावरून तारीख विचारू लागल्या. एका संध्याकाळी तर खुद्द सत्याप्पाचा फोन आला. तो दुसऱ्या भागात राहायचा. “साहेब्रे, आमच्या लाइनीचं पण बघता का जरा?” त्या दिवशी मुकुंदरावांनी दोनदा चहा घेतला.

वास्तुशांत शनिवारी होती. प्रोग्राम म्हणाला, शुक्रवारी चारनंतर. अंबूताईंनी बॅग भरली, उघडली, परत भरली. बसस्टँडवर त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुमच्या भरवशावर जात नाही मी. त्या चष्मेवाल्या अजगराच्या भरवशावर जातेय. पाणी चुकलं तर अक्काच्या दारातून परत येईन, आणि मग कुठंच जाणार नाही.”

शुक्रवारी साडेतीनला मुकुंदराव धोतर खोचून नळापाशी उभे राहिले. चार वाजले. नळ कोरडा. गल्ली आपापल्या दारात उभी होती. साडेचार झाले. मुकुंदरावांनी सगळी परंतुकं मनात पुन्हा वाचली. वीज होती, सण नव्हता, पाइप शाबूत होता. बेळगावात अक्कांच्या दारात अंबूताई आता फोन हातात धरून उभ्या असतील, हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांनी नळाची तोटी बंद करून पुन्हा उघडली.

नळ खोकला. हवा सुटली, लालसर पाणी आलं, मग स्वच्छ, मग असं जोरात की मुकुंदराव चष्म्यासकट भिजले. हौद भरला, पिंपं भरली, घागरी भरल्या, लोटे, कुकर, पूजेचा गडूसुद्धा भरला. हिराबाईंनी कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. भिजल्या हातानं मुकुंदरावांनी बेळगावला फोन लावला आणि बोलण्याऐवजी फोन नळाजवळ धरला. पलीकडे अंबूताईंनी फोन कानाशी घट्ट धरला. मग मागं वळून त्यांनी बहिणीला सांगितलं, “अक्का, माझी गादी घाल.”

त्या दोन रात्रींसाठी गेल्या होत्या, महिनाभर राहिल्या. त्या परत आल्यानंतरही घरात पाणी मुकुंदरावच भरतात.